झाड, तक्ता आणि कोठार

इंग्रजी भाषेत सर्वाधिक नवे शब्द कोणी आणले, असा प्रश्न वर्गात विचारला तर बहुतेक विद्यार्थी बेधडक शेक्सपियरचे नाव घेतात. आधार विचारला की ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीकडे बोट दाखवले जाते. या कोशात शब्दाच्या प्रत्येक अर्थाखाली कालक्रमाने अवतरणे दिलेली असतात, आणि त्यांतील पहिल्या अवतरणाचा लेखक म्हणून शेक्सपियर पुन्हापुन्हा भेटतो. १९८९ सालच्या दुसऱ्या आवृत्तीत त्याची अवतरणे सुमारे ३३,००० आहेत. एकट्या 'हॅम्लेट'ची सुमारे १,६००. दुसऱ्या कोणत्याही लेखकाला एवढी जागा मिळालेली नाही.

आकडे खरे आहेत. त्यांवरून काढलेला निष्कर्ष खरा आहे की नाही हे तपासायचे असेल, तर मोजण्याजोगी रचना कोशाला कोणी दिली, केव्हा दिली आणि ती देताना काय गृहीत धरले, हे पाहावे लागते. हा इतिहास संगणकशास्त्राचा समजला जातो. एक्सएमएल, विदा-कोठार म्हणजे डेटा वेअरहाउस, विश्लेषणात्मक प्रक्रिया, ही त्यातील परिभाषाही साहित्याच्या अभ्यासकाला परकी वाटते. वस्तुतः त्यातले काही महत्त्वाचे धागे कोशरचना आणि संहितासंपादन या आपल्याच घरातून निघालेले आहेत. ते बाहेर जाऊन कोणते रूप घेऊन परतले, याचा मागोवा घेण्याचा हा प्रयत्न आहे.

१. चिठ्ठ्या आणि कप्पे

लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीत १८५७ साली नव्या कोशाची कल्पना पुढे आली. १८७९ मध्ये जेम्स मरे यांनी संपादकपद रीतसर स्वीकारले, पहिला भाग १८८४ मध्ये निघाला आणि काम १९२८ साली पुरे झाले. कोशाचा कच्चा माल होता चिठ्ठ्या. हजारो हौशी वाचकांनी ग्रंथ वाचायचे, लक्षवेधी शब्द आढळला की तो कागदाच्या तुकड्यावर लिहायचा, खाली वाक्य, ग्रंथ, लेखक आणि वर्ष नोंदवायचे आणि ते पाठवून द्यायचे. अशा सुमारे पन्नास लाख चिठ्ठ्या जमल्या. त्यांपैकी अठरा लाखांहून अधिक अवतरणे छापली गेली. मिल हिल येथील मरे यांच्या पत्र्याच्या 'स्क्रिप्टोरियम'मध्ये त्यांच्यासाठी १,०२९ कप्पे होते.

आजच्या भाषेत हे विदा-कोठारच होते. ठिकठिकाणांहून आलेले धान्य निवडून, एका मापाने मोजून, एका कणगीत साठवावे, तशी ही साठवण. प्रत्येक चिठ्ठीवर तेच रकाने: शब्द, वाक्य, लेखक, ग्रंथ, वर्ष. चिठ्ठ्या अकारविल्हे लावल्या की शब्दाचे चरित्र दिसे. लेखकवार लावल्या असत्या तर लेखकाची शब्दकळा दिसली असती. पण एक चिठ्ठी एका वेळी एकाच कप्प्यात राहू शकते. दुसऱ्या क्रमाने पाहायचे तर सारे कप्पे उपसावे लागतील. म्हणून लेखकवार मोजणी कोणी केली नाही.

आणखी एक गोष्ट येथेच नोंदवून ठेवली पाहिजे, कारण शेवटी तिच्याकडे परत यायचे आहे. वाचकांना दुर्मीळ, जुने, नवे वा वेगळ्या अर्थाने आलेले शब्द टिपण्याची सूचना होती. परिणामी विलक्षण शब्दांची रेलचेल झाली आणि नित्याच्या शब्दांची टंचाई. 'अब्यूजन' या अप्रचलित शब्दाच्या पन्नासेक चिठ्ठ्या हाती आहेत आणि 'अब्यूज' या रोजच्या शब्दाच्या पाचही नाहीत, अशी तक्रार खुद्द मरे यांनी केली होती. कोठारात काय आहे हे शेतात काय पिकले यावर अवलंबून असते, तितकेच ते कोणी काय वेचले यावरही असते.

२. कोश संगणकात जातो

मूळ कोश आणि रॉबर्ट बर्चफील्ड यांच्या संपादनाखाली १९७२ ते १९८६ या काळात निघालेले चार पुरवणी-खंड एकत्र करण्यासाठी ऑक्सफर्ड विद्यापीठ प्रकाशनाने १९८४ साली नवा प्रकल्प जाहीर केला. अमेरिकेत १२० हून अधिक टंकलेखकांनी सुमारे अठरा महिने बसून ३५ कोटी अक्षरचिन्हे टंकित केली. इंग्लंडमध्ये पन्नासांहून अधिक मुद्रितशोधकांनी ती तपासली. आयबीएम कंपनीने यंत्रे आणि माणसे दिली, आणि कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाने संशोधनाची बाजू सांभाळली.

वॉटर्लूपुढचा प्रश्न साधा वाटतो, पण तो या लेखाचा गाभा आहे. कोश संगणकात ठेवायचा तो कोणत्या आकारात? त्या काळच्या विदासंचयांचा रूढ आकार होता तक्त्याचा. १९७० साली एडगर कॉड यांनी मांडलेल्या संबंधाधारित प्रतिमानानुसार सर्व माहिती ओळी आणि रकाने यांत बसवली जाते. प्रत्येक ओळीला तेच रकाने आणि प्रत्येक चौकटीत एकच मूल्य. बँकेच्या खात्यांना हे सोयीचे आहे. पण कोशातील एका नोंदीला एकच अर्थ असतो, तर दुसरीला शंभरांवर. अर्थाला उपअर्थ, त्यांना आणखी पोटभेद. कुठे व्युत्पत्ती आहे, कुठे नाही. व्युत्पत्तीच्या परिच्छेदात मध्येच ग्रीक शब्द, त्याच्यात पुन्हा संदर्भ. शिवाय हे सारे अखंड गद्य आहे. त्याचा क्रम मोडला तर अर्थही मोडतो. तक्त्यात बसवायचे तर कोशाच्या शेकडो चिंध्या कराव्या लागणार आणि नोंद वाचायची झाली की दर वेळी त्या शिवाव्या लागणार.

गॅस्टन गॉनेट आणि फ्रँक टॉम्पा यांनी १९८७ साली एका निबंधात निराळा मार्ग सुचवला. संहितेला तक्त्यात कोंबण्याऐवजी तिचे व्याकरण लिहा, असे त्यांचे म्हणणे होते. नोंद म्हणजे शीर्षशब्द, त्यानंतर उच्चार, त्यानंतर असल्यास व्युत्पत्ती, त्यानंतर एक किंवा अनेक अर्थ, आणि प्रत्येक अर्थात व्याख्या व अवतरणे, असे नियम मांडले की संगणक वाक्याचे पदच्छेद करावेत तसे नोंदीचे पदच्छेद करू शकतो. छपाईत ठळक, तिरपा, लहान अशा टंकभेदांनी जे सूचित होत होते ते आता नावानिशी संहितेतच लिहिले गेले. कोशरचनेतील एक अडचण सोडवताना भाषाशास्त्रातली व्याकरणाची कल्पना हाताशी आली, हा योग अर्थपूर्ण आहे.

३. झाडाची वंशावळ

संहितेतच खुणा लिहिण्याची रीत वॉटर्लूच्या आधीची. १९६९ साली आयबीएममध्ये चार्ल्स गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर आणि रेमंड लॉरी यांनी कायदेविषयक कागदपत्रांसाठी एक खूणभाषा तयार केली. गोल्डफार्ब मुळात वकील होते. मजकूर कसा दिसावा हे न सांगता तो काय आहे हे सांगावे, असे तिचे तत्त्व होते. 'हे तिरप्या ठशात' असे न लिहिता 'हे ग्रंथनाम' असे लिहावे. ठसा नंतर ठरवता येतो. यातूनच १९८६ साली एसजीएमएल हे आंतरराष्ट्रीय प्रमाण सिद्ध झाले. याच लॉरी यांचा पुढे आयबीएमच्या 'सिस्टिम आर' प्रकल्पातही सहभाग होता, आणि कॉड यांच्या तक्त्यांना प्रत्यक्ष यंत्रात उतरवणारा तो पायाभूत प्रकल्प. एकाच माणसाचा हात झाडालाही लागला आहे आणि तक्त्यालाही.

'झाड' हा शब्द येथे पारिभाषिक आहे. खुणा एकीच्या पोटात एक अशा बसतात: नोंदीच्या पोटात अर्थ, अर्थाच्या पोटात अवतरण, अवतरणाच्या पोटात लेखक. कागदावर काढले तर खोड, फांद्या, डहाळ्या, पाने असा आकार होतो. कोणत्याही फांदीला किती डहाळ्या असाव्यात याचे बंधन नसते.

मानव्यविद्यांनी हा आकार लगेच उचलला. नोव्हेंबर १९८७ मध्ये अमेरिकेतील व्हॅसर महाविद्यालयात संहितांच्या अभ्यासकांची बैठक झाली आणि 'टेक्स्ट एन्कोडिंग इनिशिएटिव्ह' म्हणजे टीईआय या उपक्रमाची सुरुवात झाली. कविता, नाटक, हस्तलिखित, कोश यांसाठी कोणत्या खुणा वापराव्यात याचे दंडक या उपक्रमाने तयार केले. १९९४ च्या आवृत्तीचे संपादक होते मायकेल स्पेर्बर्ग-मॅक्वीन आणि लू बर्नार्ड. त्यांपैकी स्पेर्बर्ग-मॅक्वीन मध्ययुगीन जर्मानिक साहित्याचे अभ्यासक.

एसजीएमएल सुटसुटीत करून महाजालासाठी नवी खूणभाषा बनवायचे ठरले तेव्हा तिच्या प्रमाणपत्रिकेवर तीन संपादकांची नावे आली: टिम ब्रे, ज्याँ पाओली आणि हेच स्पेर्बर्ग-मॅक्वीन. ब्रे यांनी १९८७ ते १९८९ या काळात वॉटर्लूला नव्या ऑक्सफर्ड कोशाच्या प्रकल्पाचे व्यवस्थापन केले होते. १० फेब्रुवारी १९९८ रोजी प्रमाण म्हणून मान्य झालेली ही भाषा म्हणजे एक्सएमएल. तिच्या तीन संपादकांपैकी एक कोशाच्या कामातून आला होता आणि एक मध्ययुगीन साहित्यातून. या कार्यगटाचे प्रमुख जॉन बोसाक यांनी शेक्सपियरची नाटके नव्या खुणांत बांधून सर्वांसाठी खुली केली. अंक, प्रवेश, पात्र, संवाद, ओळ अशी व्यवस्थित उतरंड असल्यामुळे एक्सएमएल साठवण्याच्या पद्धतींची चाचणी घेण्यासाठी विदासंचयांचे संशोधक हीच नाटके वारंवार वापरू लागले.

खुणांची नावे देवनागरीतही असू शकतात, अशी सोय एक्सएमएलमध्ये पहिल्यापासून आहे. म्हणून एखादी नोंद अशीही लिहिता येते:

<नोंद><शीर्षशब्द>कणगी</शीर्षशब्द><अर्थ>धान्य साठवण्याचे पात्र</अर्थ></नोंद>

वरकरणी निरुपद्रवी दिसणाऱ्या या ओळीत तीन निर्णय दडलेले आहेत: नोंद कुठे सुरू होते, शीर्षशब्द कोणता, आणि अर्थ कशाला म्हणायचे. खूण करणे म्हणजे अन्वय लावणे, हे संहितासंपादकाला वेगळे सांगावे लागत नाही.

संहिता म्हणजे मुळातच घटकांची अशी क्रमबद्ध उतरंड असते, असा सिद्धान्त चार अभ्यासकांनी १९९० साली मांडला. पुढे त्यांच्यापैकी काहींनीच त्याला मुरड घातली. अडचण आपल्याला 'ज्ञानेश्वरी'च्या एका पानावरही कळते. ओवी हा घटक मानला तर एक झाड होते आणि वाक्य हा घटक मानला तर दुसरे. कारण वाक्य पुष्कळदा एका ओवीत सुरू होऊन पुढच्या ओवीत संपते. दोन्ही विभागण्या खऱ्या आहेत, पण एका झाडात दोन्ही मावत नाहीत. तक्त्यापेक्षा झाड उदार असले तरी तेही काहीतरी नाकारतेच.

४. कोठाराचे व्यापारी रूप

याच सुमारास उद्योगजगतात दुसरी एक कथा घडत होती. रोजचे व्यवहार नोंदवणाऱ्या यंत्रणांवर मोठमोठे हिशेब चालवले की व्यवहार मंदावत. म्हणून विश्लेषणासाठी विदेची वेगळी प्रत ठेवावी, ही कल्पना बॅरी डेव्हलिन आणि पॉल मर्फी यांनी १९८८ साली मांडली. बिल इन्मन यांच्या १९९२ च्या ग्रंथाने तिला बांधीव व्याख्या दिली. विषयानुसार रचलेला, एकात्म केलेला, काळाचे भान ठेवणारा आणि एकदा ठेवलेले न पुसणारा संचय, ही त्या व्याख्येची चार अंगे. राल्फ किंबॉल यांनी १९९६ मध्ये प्रत्यक्ष बांधणीची रीत सांगितली: मध्यभागी मोजमापांचा तक्ता आणि भोवती मितींचे तक्ते. कॉड यांनीच १९९३ साली अशा वापराला 'ऑनलाइन विश्लेषणात्मक प्रक्रिया' या अर्थाचे नाव दिले. ज्या निबंधात ते दिले, तो ही साधने विकणाऱ्या एका कंपनीने पुरस्कृत केलेला होता. जिम ग्रे आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये 'विदा-घन' ही क्रिया मांडली.

घनाची कल्पना एखाद्या पुस्तक-विक्रेत्याच्या उदाहरणाने कळेल. शाखा, महिना आणि वाङ्मयप्रकार या तीन मिती. प्रत्येक छेदबिंदूवर एक आकडा: अमुक शाखेत अमुक महिन्यात विकलेल्या कवितासंग्रहांची संख्या. महिन्यांची बेरीज करून वर्षावर चढता येते आणि वर्षातून पुन्हा महिन्यात उतरता येते. एखादी मिती स्थिर धरून बाकीच्यांचा काप काढता येतो. मरे यांच्या कप्प्यांना जे जमत नव्हते तेच येथे सहज होते: तीच चिठ्ठी शब्दवारही लागते, लेखकवारही आणि शतकवारही.

५. झाड कोठारात येते

१९९८ नंतर कंपन्यांची आपापसांतली कागदपत्रे, मागणीपत्रे, बिले, एक्सएमएलमध्ये येऊ लागली आणि कोठारांच्या दारात झाडे उभी राहिली. त्यांचे करायचे काय, यावर पुढील दशकात तीन प्रकारची उत्तरे मिळाली.

पहिले, झाड तोडून तक्त्यांत भरावे. हे सर्वांत रूढ झाले. त्यात वेग मिळतो, पण क्रम आणि पोटात पोट असण्याचा संबंध कृत्रिम क्रमांकांनी टिकवावा लागतो. दुसरे, झाड जिथे आहे तिथेच राहू द्यावे आणि घनाला लागेल तेव्हा त्याच्याकडून माहिती मागवावी. डेन्मार्कमधील ऑलबोर्ग विद्यापीठाच्या संशोधकांनी २००२ च्या सुमारास ही दिशा घेतली. तिसरे, झाडाला थेट प्रश्न विचारण्याची भाषाच मोजणीसाठी समर्थ करावी.

तिसऱ्या मार्गाचा इतिहास बोधप्रद आहे. तक्त्यांना प्रश्न विचारणाऱ्या एसक्यूएल भाषेचे एक जनक डॉन चेंबरलिन यांनी जोनाथन रॉबी आणि डॅनिएला फ्लोरेस्कू यांच्यासह २००० साली झाडांसाठी 'क्विल्ट' ही भाषा रचली. तिच्यातून आलेली एक्सक्वेरी २००७ मध्ये प्रमाण झाली. पण तिच्यात गट पाडण्याचे वेगळे वाक्यांगच नव्हते. लेखकवार गट पाडा आणि प्रत्येक गटातील संख्या सांगा, हे तक्त्याच्या भाषेत एका शब्दात होणारे काम येथे आडवळणाने करावे लागे. चेंबरलिन आणि सहकाऱ्यांनी २००५ सालीच ही उणीव दाखवून उपाय सुचवला होता. तशी सोय प्रमाणात आली ती २०१४ साली. इतर संशोधकांच्या एका गटाने २००७ मध्ये खास झाडांसाठी घनक्रिया मांडली.

एवढा वेळ का लागला? कारण बेरजेला काही अटी असतात आणि झाड त्या पाळत नाही. हान्स-योआखिम लेन्झ आणि आरी शोशानी यांनी १९९७ साली या अटी नेमक्या शब्दांत मांडल्या. गट परस्परांपासून वेगळे असले पाहिजेत; सर्व गट मिळून सारे काही आले पाहिजे; आणि ज्याची बेरीज करायची ते माप बेरीज करण्याजोगे असले पाहिजे.

आपल्या कोशावर या अटी लावून पाहू. बोमंट आणि फ्लेचर यांनी मिळून लिहिलेल्या नाटकातले अवतरण लेखकवार मोजताना दोघांच्याही खात्यात टाकले तर एकूण बेरीज मूळ अवतरणांहून अधिक भरते. पहिली अट मोडली. एखाद्या निनावी ग्रंथाच्या अवतरणाला लेखकच नाही. गट पाडताना ते गळून पडते आणि दुसरी अट मोडते. प्रत्येक शतकात वापरात असलेल्या शब्दांची संख्या काढून पाच शतकांची बेरीज केली तर एकच शब्द पाच वेळा मोजला जातो. तिसरी अट मोडली. व्यापारी विदेत असे प्रसंग अपवाद म्हणून बाजूला काढता येतात. साहित्यात तेच नित्याचे आहेत. सहलेखन, निनावीपण, अनिश्चित काळ हे आपल्या विषयाचे दोष नव्हेत. आपला विषयच तसा आहे. हे सारे जसेच्या तसे ठेवण्याची मुभा झाडाने दिली होती. मोजणी सुरू होताच त्या प्रत्येकाला एक जागा आणि एक नाव देणे भाग पडते, आणि ते देणारा कोणीतरी असतो.

पुढे कंपन्यांच्या देवाणघेवाणीत एक्सएमएलची जागा पुष्कळ अंशी जेएसओएन या अधिक सुटसुटीत रूपाने घेतली. संहितासंपादन आणि कोशरचना यांत मात्र एक्सएमएल टिकून आहे, आणि टीईआयचे दंडक आजही तिच्यातच लिहिले जातात. मोठा फेरा घेऊन ती बरीचशी आपल्याच घरी परतली आहे.

६. पहिला म्हणजे कोण?

आता शेक्सपियरकडे येऊ. 'हा शब्द प्रथम कोणी वापरला?' या प्रश्नाचे घनाच्या भाषेतले रूप असे: शब्दवार गट पाडा, प्रत्येक गटातील सर्वांत लहान वर्ष काढा आणि त्या अवतरणाचा लेखक सांगा. तिन्ही अटी सांभाळल्या, यंत्राने एकही चूक केली नाही, असे धरून चालू. तरीही उत्तर 'कोशात सर्वांत आधी कोण नोंदला गेला' एवढेच मिळते. 'भाषेत सर्वांत आधी कोण' हा प्रश्न तसाच राहतो.

हा फरक किती मोठा आहे हे युर्गेन शेफर यांनी १९८० साली, म्हणजे कोश संगणकात जाण्याआधीच, एका पुस्तकात दाखवून दिले होते. त्यांनी शेक्सपियर आणि त्याचा समकालीन टॉमस नॅश यांची तुलना केली. शेक्सपियरचा शब्द न् शब्द कोशाच्या वाचकांनी टिपला होता. त्याच्या शब्दांच्या सूचीही तयार होत्या. नॅशचे वाचन तितके कसून झाले नव्हते. नॅशमध्ये आधी आलेले कितीतरी शब्द कोशात इतरांच्या वा नंतरच्या नावावर लागले होते. पहिलेपणाचा मान त्या शब्दांना टिपणाऱ्या व्हिक्टोरियन वाचकाच्या आवडीतून मिळालेला होता. शेक्सपियरचे मोठेपण याने रतिभरही कमी होत नाही. ते असल्या आकड्यांवर कधी उभेच नव्हते.

दुसरी अडचण अलीकडची. २००० सालापासून ऑक्सफर्ड कोशाचे पुनःसंशोधन होऊन नव्या नोंदी टप्प्याटप्प्याने महाजालावर येत आहेत, आणि अनेक शब्दांच्या पहिल्या तारखा मागे सरकल्या आहेत. परिणामी एकाच संचयात विसाव्या-एकविसाव्या शतकांच्या वाचनावर तपासलेल्या नोंदी आणि एकोणिसाव्या शतकातून जशाच्या तशा आलेल्या नोंदी शेजारी-शेजारी नांदतात. संपूर्ण कोशावर मोजणी केली तर दोन निरनिराळी मापे एका बेरजेत पडतात. शार्लट ब्रूअर यांनी आपल्या अभ्यासातून या धोक्याकडे वारंवार लक्ष वेधले आहे. इन्मन यांच्या व्याख्येतील 'एकात्म' हा शब्द येथे उपयोगी पडतो. दोन काळांचे धान्य एका कणगीत ओतले म्हणून ते एकजीव होत नाही. कोणते पोते कोणत्या सालचे, ही चिठ्ठी पोत्याला बांधलेली राहिली पाहिजे.

७. आपल्याकडच्या कणग्या

ऐतिहासिक तत्त्वांवर कोश रचण्याची ऑक्सफर्डची रीत पुण्यात पोहोचली ती डेक्कन कॉलेजच्या संस्कृत महाकोशाच्या रूपाने. सु. मं. कत्रे यांच्या पुढाकाराने १९४८ साली त्याचे काम सुरू झाले. सुमारे दीड हजार ग्रंथांतून एक कोटीच्या आसपास चिठ्ठ्या तयार झाल्या आणि अ. मा. घाटगे यांच्या संपादनाखाली १९७६ पासून भाग निघू लागले. तेथील कपाटांसमोर उभे राहिले की मरे यांच्या कप्प्यांची आठवण होणे अपरिहार्य आहे. त्या चिठ्ठ्यांच्या विदेवर उद्या कोणी मोजणी केली तर तिच्यासमोर हेच प्रश्न येतील. कोणते ग्रंथ निवडले, कोणत्या छापील आवृत्त्या प्रमाण धरल्या, ग्रंथांचे काळ कोणत्या मताने ठरवले? संस्कृत ग्रंथांच्या कालनिर्णयात तर एकेका शतकाचे मतभेद असतात. घनाची काळाची मिती मात्र प्रत्येक चिठ्ठीला एकच कप्पा देऊ पाहील.

मराठीचे उदाहरण त्याहून जवळचे. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली मुंबईत निघाला आणि १८५७ साली त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती आली. ती शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशसंग्रहात महाजालावर शोधता येते. मोल्सवर्थ यांनी अनेक शब्दांपुढे संस्कृत, फारसी, अरबी, हिंदुस्तानी अशी मूळ दर्शवणारी आद्याक्षरे दिली आहेत. या आद्याक्षरांना 'मूळभाषा' अशी खूण करायची आणि गट पाडून मोजायचे, हे आता एखाद्या विद्यार्थ्याला दुपारभरात जमेल. मराठीत फारसी किती टक्के, असा सुबक तक्ता हाती येईल आणि तो शोधनिबंधात जाईलही.

तो तक्ता काय सांगेल? १८५७ पर्यंत मोल्सवर्थ आणि त्यांचे शास्त्री-सहायक यांना ज्या शब्दांचे फारसी मूळ ठाऊक होते, पटले होते आणि नोंदवावेसे वाटले होते, त्यांचे प्रमाण. आद्याक्षर नसलेले शब्द देशी ठरतात का अज्ञात, हे खूण करणाऱ्याने ठरवायचे आहे, आणि त्या एका निर्णयाने टक्केवारी पार बदलते. फारसीतून आलेला मूळचा अरबी शब्द कोणत्या गटात? दोन्हींत टाकला तर पहिली अट मोडते. एकातच टाकला तर मराठीने तो कुठून घेतला याबद्दल आपण एक मत दिलेले असते. या मताचे नाव तक्त्यात कुठेही दिसत नाही.

म्हणून अशी मोजणी करूच नये, असे म्हणण्याचा हेतू नाही. शेफर यांनीही मोजूनच मोजणीचा दोष दाखवला होता, आणि आपल्या कोशांची तशी मोजणी अजून व्हायची आहे. अपेक्षा एवढीच की आकडा देणाऱ्याने त्यामागची खूण कोणी केली, कोणत्या नियमाने केली आणि कशाला खूण करता आली नाही, हे आकड्याशेजारीच सांगावे. पाठभेद नोंदवताना पोथीचे नाव देण्याची शिस्त आपण शंभर वर्षे पाळत आलो आहोत. खूण हाही एक पाठच आहे. झाडात ती लिहायला जागा असते. कोठारात नेताना ती गळू न देणे हे काम यंत्राचे नाही. पुढच्या वेळी वर्गात शेक्सपियरच्या नव्या शब्दांचा आकडा निघाला, तर तो खोडून काढण्याआधी विद्यार्थ्यांना एका चिठ्ठीची गोष्ट सांगून पाहावी. ती कोणी लिहिली, कोणते पुस्तक वाचताना लिहिली, आणि त्याच कपाटातले कोणते पुस्तक त्या वाचकाने उघडलेच नाही.